सूर्यभान वाव्हळे यांची उर्दू वही

धोंडगव्हाणला मी एकोणीसशे एक्याऐंशी साली शिक्षक म्हणून रुजू झालो, आणि शाळेबरोबर गावचं पोस्टही माझ्या गळ्यात पडलं. पोस्ट म्हणजे माझ्या भाड्याच्या घराच्या ओसरीवरचं एक टेबल, कुलपाची पेटी, शिक्का आणि सरकारी गोंदाची बाटली. दुपारी मानवतहून टपालाची पिशवी यायची, तीच भरून परत जायची.

पहिल्याच आठवड्यात एक उंच, वाळक्या अंगाचा माणूस दारात उभा राहिला. अंगात रेल्वेचा निळा कोट, हातात बंद पाकीट. मी पाकीट घेऊन बाजूला ठेवलं, तर तो हलेना.

"शिक्का मारा," तो म्हणाला.

"पिशवी भरताना मारतो की."

"आत्ता मारा. म्या बघतो."

मी शिक्का मारला. त्यानं वाकून तारीख वाचली, मग माझ्याकडं पाहिलं, म्हणजे माझ्या पायांकडं पाहिलं, आणि निघून गेला.

हे सूर्यभान वाव्हळे. मानवत रोड स्टेशनवर पॉइंट्समन होते. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची तो काटा फिरवणं हे त्यांचं काम. गावात त्यांना सगळे एकेरीत हाक मारायचे, त्यांच्या निम्म्या वयाची माणसंसुद्धा. मीही मारायचो. आज लिहिताना मात्र ते जमत नाही.

त्यांनी स्वतःबद्दल मला फार थोडं सांगितलं. जास्त कळलं ते त्यांच्या मुलीकडून, चांगुणाकडून. ती वस्तीवरची अंगणवाडी चालवायची आणि खाऊचा तक्ता भरायला माझ्या शाळेत यायची. तिच्या सांगण्यावरून असं होतं, की निजामाच्या राज्यात मानवतला चौथीपर्यंत त्यांचं शिक्षण झालं, ते उर्दूत. त्यामुळं मराठी ते अडखळत लिहायचे आणि उर्दू झरझर. विसाव्या वर्षी रेल्वेत खलाशी, म्हणजे कारागिरांच्या हाताखालचा मदतनीस म्हणून सिकंदराबादच्या कारखान्यात लागले. तिथं संध्याकाळी कारखान्याच्या मैदानावर फुटबॉल चालायचा. उंची बघून कुणीतरी त्यांना गोलात उभं केलं, आणि मानवत रोडला बदली होईपर्यंत, अकरा वर्षं, ते कारखान्याच्या संघाचे गोलकीपर होते. डाव्या हाताची करंगळी तेव्हाच मोडली. ती कायमची वाकडी राहिली.

त्यांच्या फोरमननं त्यांना एक गोष्ट शिकवली होती. पेनल्टी मारणाऱ्याच्या डोळ्याकडं बघायचं नाही, डोळा फसवतो. त्याचा टेकलेला पाय बघायचा. सूर्यभानरावांनी ती मैदानाबाहेरही पाळली. कुणीही बोलायला लागलं की त्यांची नजर त्याच्या पायावर जायची. गावातले लोक त्याला आदब समजायचे. ती आदब नव्हती.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाचं नाव बदलण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात जे पेटलं, त्यात धोंडगव्हाणच्या बौद्ध वस्तीतली नऊ छपरं जळाली. सूर्यभानराव त्या रात्री स्टेशनवर ड्यूटीला होते. त्यांची बायको सगुणाबाई दोन लेकरं घेऊन ज्वारीच्या उभ्या पिकात बसून राहिली. सकाळी ते चालत घरी आले तेव्हा भिंती तेवढ्या उभ्या होत्या. कारखान्याच्या संघाचा फोटो, हातमोजे, सर्टिफिकिटं, सगळं गेलं होतं. थोड्या वेळानं गावातले पाच-सहाजण आले. कुणी पाण्याची घागर आणली. कुणी म्हणालं, लय वाईट झालं. पोलीस पाटील तात्याराव यांनी स्वतः उभं राहून पंचनामा करून घेतला, आणि आग कुणी लावली या ओळीत लिहिलं गेलं, अज्ञात इसम.

"दादा तवापासून कुणाच्या घरचं पाणी प्यायलेलं न्हाईत," चांगुणा म्हणाली. "ते म्हणतात, घागर घेऊन आला त्यो बी असू शकतो. लय वाईट झालं म्हणणारा तर असूच शकतो."

मी त्या वर्षी गावात नव्हतो. माझं गाव राणीसावरगाव. पण मी राहत होतो तात्यारावांच्याच गल्लीत, आणि सूर्यभानरावांच्या हिशोबात एवढं पुरेसं होतं.

त्यांचा जीव रमायचा तो एका गोष्टीत. घर पुन्हा उभं राहिल्यावर त्यांनी रेडिओ घेतला, तीन बँडचा. गावात इतरांचे रेडिओ क्रिकेट लावायचे. हे शॉर्ट वेव्हवर काटा फिरवत फुटबॉल शोधायचे. शेजारी देशांच्या संघांच्या स्पर्धा असत, काठमांडूला, ढाक्याला, कलकत्त्याला, इस्लामाबादला, कोलंबोला. पेपरात त्याची ओळ यायची नाही. आली तरी आमच्याकडं दुसऱ्या दिवशीचा पेपर, त्याचंही खेळाचं पान किराणा दुकानदार पुडीला वापरून मोकळा. म्हणून ते ऐकायचे आणि एका जाड वहीत उतरवून ठेवायचे. उर्दूत. कोण कुणाशी खेळलं, कुणी गोल केला, गोल कसा आला, त्याची आकृती. चौकोन, गोळे, बाण. ती वही मी एकदाच लांबून पाहिली होती. त्यांनी लगेच मिटली.

नव्वद साली ते निवृत्त झाले. मग दिवसभर वस्तीतल्या लिंबाखाली बसायचे, भिंतीला पाठ लावून.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात ते पोस्टात आले. हातात पाकीट होतं, पण कोरं.

"मास्तर, ह्याच्यावर इंग्रजीत पत्ता लिहून द्या."

"कुणाचा?"

"रेडिओ स्टेशन, लाहोर."

माझा हात तिथंच थांबला. डिसेंबरात अयोध्या झाली होती. मार्चमध्ये मुंबईत स्फोट झाले होते. परभणीच्या बसस्टँडवर बेवारस पिशवी दिसली तरी लोक पळत सुटायचे. त्या दिवसांत लाहोरचा पत्ता!

"लाहोरला काय काम काढलं?"

"जुलैत तिथं चार देशांचा फुटबॉल हाय. आपला, त्यांचा, नेपाळ आन् श्रीलंका. कोणच्या येळेला, कोणच्या मीटरवर सांगणार हायत ते इचारलंय. उर्दूत लिवलंय. पत्ता तेवढा इंग्रजीत लागतो."

"आत एवढंच आहे?"

त्यांनी माझ्या पायाकडं पाहिलं. "तुमाला उर्दू येती का?"

"नाही."

"मग म्या काय बी सांगितलं तरी तुमाला खरंच मानावं लागंल."

मी पत्ता लिहिला. परदेशी टपालाचा दर पुस्तकात शोधला, तिकिटं लावली, त्यांच्या समोर शिक्का मारला. ते गेले, आणि मग माझ्या ध्यानात आलं. लाहोरला जाणाऱ्या पाकिटावर अक्षर माझं होतं. आतला मजकूर मला ठाऊक नव्हता, पण बाहेरचं अक्षर कुणीही ओळखलं असतं. मला दोन लहान मुलं, कायमची नोकरी. दोन दिवस मी जेवलो नाही नीट. तिसऱ्या दिवशी तात्यारावांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि सगळं सांगून मोकळा झालो.

तात्याराव साठीचे. धिप्पाड, पण बोलणं हळू. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं.

"तुमी बरं केलं सांगितलं," ते म्हणाले. "जबाब आला की पयले मला दाखवा."

"टपाल दुसऱ्याला देता येत नाही, पाटील."

"द्या कोण म्हणतंय? दाखवा म्हणलं म्या."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात जबाब आला. पाकिस्तानी तिकीट लावलेलं जाडसर पाकीट, माझ्याच पिशवीतून माझ्याच टेबलावर पडलं. मी ते उजेडाकडं धरलं. काही दिसलं नाही. संध्याकाळी मी ते पिशवीत घालून तात्यारावांकडं नेलं. त्यांनी ते ठेवून घेतलं. सकाळी परत दिलं, बंद.

"छापील कागद हाय," ते म्हणाले. "उर्दू. काय कळंना." मग म्हणाले, "उर्दूच कशाला लागतं वो ह्याला? मराठी काय मेली का?"

दुपारी सूर्यभानराव आले. पाकीट हातात घेतल्याबरोबर त्यांनी ते उलटं केलं आणि वाकड्या करंगळीनं जोड खरवडला. पिवळसर कपची निघाली. त्यांनी ती बोटावर घेऊन मला दाखवली.

"हा डिंक बाभळीचा हाय, मास्तर."

"तिकडं तसाच वापरत असतील."

"तुमच्या बाटलीतला पांढरा हाय."

"तेच तर. मी उघडलं असतं तर पांढरा नसता का लागला?"

मी स्वतःलाच चतुर वाटलो. त्यांनी माझ्या पायाकडं पाहिलं. मी पाय टेबलाखाली ओढून घेतले, आणि ओढून घेतल्यावर कळलं की मी काय केलं. ते पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घालून निघून गेले. 

भारत आणि पाकिस्तानचा सामना होता त्या दिवशी पाच वाजल्यापासून ते लिंबाखाली रेडिओ घेऊन बसले. आवाज खरखरायचा, मधेच जायचा, पुन्हा यायचा. बोलणारा लाहोरचा, उर्दू त्याची भरधाव. मी शाळेवरून घरी जात होतो, रस्त्यातच उभा राहिलो. रस्त्याच्या अलीकडं गावातली सात-आठ माणसं उभी होती, त्यात तात्याराव. पलीकडं लिंबाखाली हे एकटे. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडं न बघता एकच आवाज ऐकत होती, आणि तो फक्त एकालाच कळत होता.

एकाएकी रेडिओतला आवाज चढला. लोकांचा गलका झाला. सूर्यभानराव उठून उभे राहिले, आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवली. "वाह! क्या बात!"

"कुणाचा झाला?" अलीकडून कुणीतरी ओरडलं.

"गोल न्हाई. गोलकीपरनं धरला."

"कुणाच्या?"

"त्यांच्या."

 माणसं एकेक करून पांगली. तात्याराव शेवटपर्यंत उभे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तालुक्याहून जीप आली. पुढचं मला चांगुणानं सांगितलं. जीप वस्तीकडं वळताना दिसली आणि सूर्यभानरावांना वाटलं, हे चांगुणासाठी आले. ती नामांतराच्या कामात होती. परभणीच्या मोर्चाची पत्रकं घरात येऊन पडली होती. वडिलांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि ज्वारीच्या कणगीत कोंबली. वही मात्र रेडिओशेजारी उघड्यावर राहिली. तिच्याबद्दल त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

जमादार भगवानराव दारातच होते. कणगीत हात घालताना त्यांनी पाहिलं.

"काय दडवायलास?"

"काय न्हाई. दाणे बघायलो."

"घरात कागद कसले हायत?"

"कसलेच न्हाईत."

कणगी उपडी झाली. ज्वारीबरोबर पत्रकं पडली. जमादारानं एक उचलून वाचलं आणि टाकून दिलं. "हे तर भिंतीभिंतीवर हाय. हे दडवलं, म्हंजी दुसरं काहीतरी लय मोठं आसंल." मग त्यांची नजर रेडिओकडं गेली, शेजारच्या वहीकडं गेली. पानापानावर उर्दू, आणि बाणच बाण. ढाका, लाहोर, इस्लामाबाद ही नावं उर्दूखाली सूर्यभानरावांनी मराठीतही लिहिली होती, चांगुणाला दाखवायला म्हणून.

वही, रेडिओ, लाहोरचं पाकीट आणि सूर्यभानराव, चौघं जीपमध्ये बसले. जाताना जीप माझ्या दाराशी थांबली.

"मास्तर, अक्षर तुमचं हाय म्हणं," भगवानराव म्हणाले. "चला."

तात्याराव आधीच पुढच्या सीटवर होते.

ठाण्यात आम्हाला एका बाकावर बसवलं. फौजदार तरुण होता, पश्चिम महाराष्ट्राकडचा, उर्दू त्यानं चित्रपटापुरती ऐकलेली. त्यानं मला विचारलं, "पत्ता तुम्ही लिहिला?"

"यांनी सांगितला, मी लिहिला. आत काय होतं ते मला माहीत नाही."

वाक्य खरं होतं. बोलताना मी बाकावर थोडा बाजूला सरकलो, तेही खरं. सूर्यभानरावांनी मान वळवली नाही.

"हे बाण कसले?" फौजदारानं वही त्यांच्यापुढं धरली.

"पासिंगचे."

"कसलं पासिंग?"

"बॉलचं, साहेब. इथून त्यानं ह्याला दिला. हा कोपऱ्यातून आला. हा गोलकीपर."

"आणि पाकिस्तानच्या माणसासाठी टाळ्या कशाला?"

"साहेब, म्या गोलकीपर हाय. त्यानं चांगला धरला."

"आमचे पाटील म्हणतात, तू गावात कुणाशी बोलत नाहीस. लाहोरशी बोलतोस."

 तात्याराव खिडकीबाहेर बघत होते.

शेवटी उर्दू वाचणारा शोधायचं ठरलं. तहसीलीसमोर बन्सीधर म्हणून एक म्हातारे बसायचे. निजामाच्या काळचे शेतीचे दस्त उर्दूत; कोर्टात वाद आला की ते वाचून द्यायला लोक यांच्याकडं जात. काळी टोपी, जाड भिंगांचा चष्मा. त्यांना खुर्ची दिली. त्यांनी वही डोळ्याशी नेली आणि सुरुवात केली.

"काठमांडू, चौऱ्याऐंशी. नेपाळ जिंकलं. ढाका, पंच्याऐंशी. हिंदुस्तान आणि बांगलादेश, बरोबरी. पेनल्टीवर हिंदुस्तान. इथं लिहिलंय, आपला गोलकीपर वेळेआधी हलला नाही, म्हणून." त्यांनी पान उलटलं. "कलकत्ता, सत्याऐंशी..."

अर्धा तास हे चाललं. फौजदार कंटाळला. भगवानराव जांभई देत होते. मला हायसं वाटायला लागलं होतं. बन्सीधर वहीच्या शेवटाकडं आले, पान उलटलं आणि थांबले.

मी शेजारीच बसलो होतो. पानावर अक्षरं उर्दू होती, पण आकृती मला वाचता आली. ते मैदान नव्हतं. वर देऊळ होतं, मधे आड, आडापासून निघणारी गल्ली, ज्या गल्लीत मी राहत होतो. खाली ओढ्याच्या कडेला नऊ चौकोन. गल्लीतून चौकोनांकडं जाणारे बाण. प्रत्येक बाणाच्या शेपटाशी एक-दोन शब्द, नाव असावं तसे. त्या पानावर मराठी अक्षर एकही नव्हतं.

"हे काय?" फौजदारानं मान लांब केली. "यात गोल कुठाय?"

बन्सीधरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. त्यांची नजर सूर्यभानरावांकडं गेली. सूर्यभानराव त्यांच्या पायांकडं बघत नव्हते. पहिल्यांदाच मी त्यांना कुणाच्या डोळ्यात बघताना पाहिलं. मग बन्सीधरांनी तात्यारावांकडं पाहिलं आणि विचारलं, "आपलं नाव काय म्हणालात?"

"तात्याराव. का वो?"

"काही नाही." त्यांनी वही मिटली. "खेळाचंच आहे, साहेब. जुना सामना आहे. अठ्ठ्याहत्तरचा. निकाल लागलेला दिसत नाही."

संध्याकाळच्या आत आम्हाला सोडलं. वही परत मिळाली. पाकीट आणि रेडिओ तपासासाठी ठेवून घेतला.

परतीच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसलो. बस निम्मी रिकामी होती. दुसरीकडं बसलो असतो तर ते आणखी वाईट दिसलं असतं. 

"ते शेवटचं पान गावाचं होतं," मी म्हणालो.

"तुमी पाहिलं?"

"हो."

"मग आता आपुन तिघं जण झालो."

मी खिडकीकडं तोंड करून बोलून टाकलं. "पाकीट मी पाटलांना दिलं होतं. मे महिन्यातच सांगितलं होतं त्यांना."

"ठाऊक हाय. धोंडगव्हाणात बाभळीचा डिंक तात्यारावाच्याच घरी ऱ्हातो, खळ करायला." त्यांनी कोटाच्या खिशावरून, वहीवरून हात फिरवला. "ह्या पानावर तुमचं नाव न्हाई, मास्तर. तुमी तवा न्हवते. पण आता जागा करावी लागंल."

ते रागानं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

रेडिओ नसल्यामुळं स्पर्धेचा शेवट त्यांना कळला नाही. हे मला टोचत राहिलं. पुढच्या रविवारी मी परभणीला गेलो, एका ओळखीच्या प्राध्यापकाकडं इंग्रजी पेपर धुंडाळले. आतल्या पानावर बारीक टायपात बातमी होती: स्पर्धा भारतानं जिंकली. मी ती पोस्टकार्डावर उतरवून आणली आणि वस्तीत जाऊन त्यांच्या हातात दिली.

त्यांनी कार्ड वाचलं. "पेपर कुठाय?"

"तो त्यांचा होता. मी उतरवून आणलं."

"तुमच्या अक्षरात."

"मी खोटं कशाला लिहू?"

"म्या कुठं म्हणलं खोटं हाय?" त्यांनी कार्ड मला परत दिलं. वहीत ती नोंद त्यांनी केली नाही. दिवाळीनंतर रेल्वेच्या पासावर ते सिकंदराबादला गेले, जुन्या संघातल्या दोन माणसांना गाठलं, त्यांच्याकडून ऐकलं, आणि मग लिहिलं. चांगुणा म्हणाली, त्या दिवशी त्यांनी घरात गूळ वाटला. चार महिन्यांनी.

याच दरम्यान तात्याराव एकदा पोस्टात आले. तिकीट नको होतं, कार्ड नको होतं. टेबलावरचा शिक्का उगीच हातात घेऊन बसले.

"मास्तर, त्या बन्सीधरानं माझं नाव का इचारलं?"

"मला काय माहीत?"

"तुमी बाजूलाच व्हता. त्या वहीत माझं नाव हाय का?"

"मला उर्दू येत नाही, पाटील."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, यांना संशय आला आहे. मग वाटलं, ही भीती आहे. संशय आणि भीती एकाच चेहऱ्यावर कशी ओळखायची हे मला जमलं नाही. आठवड्यानं पुन्हा आले, तोच प्रश्न विचारून गेले. नंतर मी त्यांना लांबून येताना पाहिलं की टपालाची पिशवी भरायला बसायचो.

जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला, नामविस्तार झाला. वस्तीत निळे झेंडे लागले. गावात पोलिसांची गाडी आठ दिवस उभी होती. काही घडलं नाही, पण त्या आठ दिवसांत धोंडगव्हाणात कुणी मोठ्यानं बोललं नाही. सूर्यभानराव दारात खाट टाकून बसून राहिले, पाठ भिंतीला.

मार्चमध्ये एका सकाळी ते माझ्याकडं आले. कोटाच्या खिशात वही होती.

"मास्तर, चला माझ्यासंगं. तात्यारावाकडं जायचंय."

"मी कशाला?"

"गवाही लागंल. तुमी त्याचे हाव का माझे, ते मला ठाऊक न्हाई. म्हणूनच तुमी पायजे."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. आम्ही गल्ली चढून गेलो. तात्याराव ओट्यावर होते. सूर्यभानरावांना बघून ते उभे राहिले. मी त्यांना वस्तीतल्या माणसासाठी उठताना कधी पाहिलं नव्हतं. सूर्यभानराव ओट्याच्या पायरीशी थांबले. वही उघडून तेच पान समोर धरलं.

"हा आड. हे तुमचं घर. इथून एक बाण निघालाय. पंधरा वर्सं झाली, म्या तो पेन्सिलीनं काढलेला हाय. शाईनं काढू का खोडू, एवढं सांगा."

घरात भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

"म्या पेटवलं न्हाई," तात्याराव म्हणाले.

सूर्यभानरावांनी वही तशीच पुढं धरून ठेवली.

"शप्पत घेऊन सांगतो. म्या घरातच व्हतो."

"जागे?"

तात्यारावांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

"जागा व्हतो," ते म्हणाले. "दारावरनं माणसं गेली. टेंभे व्हते. म्या कडी लावून घेतली."

"कोण व्हते?"

"अंधार व्हता, सूर्यभान."

"टेंभे व्हते म्हणलात."

तात्याराव खाली बसले. सुपारीचा डबा पुढं ओढला आणि तसाच ठेवला.  सूर्यभानरावांनी खिशातून खोडरबर काढलं, पायरीवर वही ठेवून तो बाण खोडला आणि त्या जागी पेन्सिलीनं एक गोळा काढला. नुसता उभा असलेला खेळाडू ते तसा दाखवायचे, हे मला बन्सीधरांच्या वाचण्यावरून कळलं होतं.

परत येताना मी विचारलं, "खरं बोलले का?"

"निम्मं."

"बाकीचं?"

"बाकीचं बी त्येंच्याकडंच हाय." थोडं चालून ते म्हणाले, "पंधरा वर्सं म्या तो बाण बघत बसलो, मास्तर. चुकीचा व्हता. म्हंजी बरोबरचा दुसरीकडनं आला आसंल. तिकडं माझं ध्यानच न्हवतं."

त्यांच्या आवाजात समाधान नव्हतं. उलट त्या दिवसापासून ते गल्लीतल्या दोन-तीन घरांकडं नव्यानं बघायला लागले, ज्यांच्याकडं आधी बघत नव्हते. ती माणसंही त्यांना टाळायला लागली. का, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

जूनमध्ये माझी बदली झाली. मी गावात होतो तोवर तात्याराव शेताकडं जायला देवळामागचा लांबचा रस्ता धरत होते, म्हणजे वस्तीसमोरून जावं लागू नये. सूर्यभानराव मात्र रोज सकाळी गल्ली चढून, त्यांच्या दारावरूनच, हळूहळू चालत जायचे.